बोट एकच, कामं दोन

2021 पासून सातबाऱ्यावरची पीकनोंद शेतकरी स्वतः 'ई-पीक पाहणी' ॲपवर करू लागले. तलाठ्याच्या लेखणीचं काम आता आपल्या बोटावर आलंय. म्हणून ॲप वापरणाऱ्या तायांसाठी आणि ॲप बनवायला शिकणाऱ्या मुलींसाठी आज आम्ही बोटाच्या स्पर्शाबद्दल बोलणार आहोत.

समजा, लिंबागणेशच्या एखाद्या बचत गटाचं हिशोबाचं ॲप आहे. पडद्यावर प्रत्येक सभासदाची चौकट. चौकटीवर बोट टेकवलं की तिचं खातं उघडतं. त्याच चौकटीत 'हप्ता जमा' हे बटण. आपण बटण दाबतो, हप्ता जमा होतो आणि खातंही उघडतं. आपल्याला वाटतं, बोट चुकलं. मागे येऊन पुन्हा दाबतो. हप्ता दोनदा!

असं का होतं? बटण चौकटीच्या पोटात आहे, म्हणून स्पर्श दोघांनाही लागू होतो. अँड्रॉइडच्या नेहमीच्या रचनेत आतल्या बटणानं स्पर्श घेतला की चौकटीला तो मिळत नाही. वेबपानाच्या पद्धतीनं बनवलेल्या ॲपमध्ये मात्र स्पर्श आतून बाहेर जातो. आधी बटणाचं काम, मग चौकटीचं. मुलींनो, तिथं बटणाच्या कामातच 'स्पर्श इथंच थांबव' अशी सूचना लिहा. त्याहून बरं म्हणजे बटण चौकटीबाहेर ठेवा.

दुसरा घोटाळा कीबोर्डचा. रक्कम लिहून आपण 'जतन करा' दाबतो. काही ॲपमध्ये तो पहिला स्पर्श कीबोर्ड मिटवण्यातच खर्ची पडतो. नोंद झालीच नाही, आणि आपण फोन ठेवून मोकळ्या! कीबोर्ड उघडा असतानाही बटणाला स्पर्श मिळेल, अशी सोय बनवणारीनं करावी.

आणखी दोन गोष्टी. अँड्रॉइडसाठी गूगलचा सल्ला आहे की स्पर्शाची जागा किमान 48 डीपी, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर असावी. 'जमा' आणि 'खोडा' ही बटणं चिकटून नकोत. पैशाचं बटण एकदा दाबलं, की उत्तर येईपर्यंत बंद राहावं.

ॲप तयार झालं की घरातल्या आजीच्या हातात द्या. शेजारी बसा, काही सांगू नका, नुसतं बघा. बोट कुठं अडतं ते लगेच कळेल.

आणि तायांनो, 'नोंद झाली' हे दिसेपर्यंत फोन खाली ठेवू नका. शंका आली तर पुन्हा बटण दाबण्याआधी खातं उघडून नोंद तपासा.