बी पडायच्या आधी

उन्हाळा सरता सरता सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही माळावर जा आणि वाळलेला शेणाचा पो काठीनं फोडून बघा. आत चपट्या, तपकिरी, तुकतुकीत बिया सापडतील. त्या वेड्या बाभळीच्या. गाईनं शेंग खाल्ली, गोड गर पचवला आणि बी आख्खं बाहेर टाकलं, तेही खतासकट. पोटातून जाताना बियांचं टणक कवच नरम पडतं. मग मृगाचा पाऊस झाला की त्याच पोवातून रोप डोकं वर काढतं.

बाहेरून आलेल्या आणि इथं माजलेल्या वनस्पतींचा ‘उपयोग करा’ असा सल्ला हल्ली सगळीकडं ऐकू येतो. सल्ला चांगला आहे. पण गाईनंही शेंगेचा उपयोगच केला होता, आणि त्यातून माळावर बाभूळ वाढली. म्हणून शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या माणसानं या वनस्पतींकडं वळताना आधी एक प्रश्न विचारावा: माझ्या वापरानं हिचं बी मरतंय की पेरलं जातंय?

वेडी बाभूळ मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची. इंग्रजी अमदानीत, १८७७ साली, जळणाची सोय म्हणून आंध्रातल्या कडप्पा भागात तिची लागवड झाली. कमी पाऊस, खारवट जमीन, चराई, काहीच तिला अडवत नाही. गुजरातीत तिचं नाव गांडो बावळ. दोन भाषांना एकाच झाडाला वेडंच म्हणावंसं वाटलं, इतका तिचा फैलाव बेभान आहे. पाला जनावरं खात नाहीत, शेंगा मात्र आवडीनं खातात. चराईतून झाड वाचतं ते यामुळं, आणि पसरतंही यामुळंच.

या शेंगा फुकट जाऊ देण्यासारख्या नाहीत. त्यात भरपूर साखर आणि साधारण दहा-बारा टक्के प्रथिनं असतात. चाऱ्याच्या तंगीत एवढा खुराक झाडाखाली पडलेला असतो. मात्र त्या आख्ख्या घालू नयेत. शेंगा गळू लागल्या की रोजच्या रोज वेचायच्या, कडक उन्हात कडकडीत वाळवायच्या आणि बियांसकट भरडायच्या. वाळवण्यात कसूर झाली तर गर चिकट होऊन चक्कीच्या पाट्याला बसतो. बी भरडलं की त्यातली प्रथिनं जनावराच्या अंगी लागतात आणि उगवण्याचा प्रश्नच संपतो. प्रमाणही सांभाळायला हवं. हा भरडा एकूण खुराकाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ठेवावा. ब्राझीलमध्ये महिनोन् महिने याच शेंगांवर पोसलेल्या गुरांच्या जबड्याच्या नसा निकामी झाल्या, तोंडं वाकडी झाली. शेंगेतल्या अल्कलॉइडचा तो परिणाम.

लाकडाची गोष्ट वेगळी. कोळशासाठी याच्यासारखं लाकूड थोडंच. रचलेल्या लाकडावर पाला-गवत आणि त्यावर ओली माती लिंपून भट्टी पेटवली की तिच्यापाशी बसणारा माणूस आगीकडं बघतच नाही, तो धुराकडं बघतो. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, तो लाकडातल्या पाण्याचा. मग तो पिवळसर, उग्र वासाचा होतो. तो विरळ, निळसर झाला की लाकडातले वायू जाऊन कार्बन उरलेला असतो, आणि त्याच घडीला भोकं बुजवायची असतात. थोडी हवा आत राहिली तरी कोळशाची राख होते. मातीच्या भट्टीत चार-पाच किलो लाकडामागं किलोभर कोळसा मिळतो. हे कसब ज्यांच्या हातात आहे त्यात रायगडाकडचे कातकरी पुष्कळ. उचल घेऊन महिनोन् महिने परमुलखात राबणाऱ्या या माणसांच्या घामाचं मोल कोळशाच्या भावात दिसत नाही, याची खंत वाटते.

कोळशाच्या या धंद्यानं वेडी बाभूळ कमी झाली नाही, कारण तोड जमिनीलगत होते. मुळाच्या मानेवर सुप्त डोळे असतात. वरचं खोड गेलं की ते जागे होतात आणि एका बुंध्याच्या जागी दहा फोक उभे राहतात. कोळसेवाल्याला ते हवंच असतं, दोन-तीन वर्षांनी पुन्हा तोड मिळते. शेतकऱ्यानं मात्र खणून, वीत-दीड वीत खाली, ती मानच काढायला हवी. काम जिकिरीचं आहे. ओल असताना, पावसाळ्याच्या शेवटाला ते त्यातल्या त्यात सोपं जातं. निघालेल्या फांद्यांची कुपाटी होते, जाड लाकूड चुलीला येतं, भट्टीतला चुरा शेणखतात मुरवून मुरमाड जमिनीत घालता येतो. मुरमात पाणी टिकत नाही, सच्छिद्र कोळसा ते धरून ठेवतो. काळ्या चोपण जमिनीत मात्र तो घालू नये. तिथं क्षार आधीच जास्त, आणि हा चुराही अल्कधर्मी.

गाजरगवताला ही एवढी मेहनत लागत नाही, फक्त वेळ साधावी लागते. १९५०च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलतं आणि एक झाड हजारोंनी बी टाकतं. फुलण्याआधी उपटलं तर ते नत्र असलेला हिरवा पाला आहे. खड्ड्यात त्याचा थर, वर शेणाचा, थोडी माती, पाण्याचा शिपका, असं भरत जाऊन तोंड लिंपलं की चार-पाच महिन्यांत खत होतं. पांढरी फुलं दिसू लागल्यावर उपटलेलं खड्ड्यात टाकू नका. घरगुती खड्ड्यात बी मारण्याइतकी उष्णता सगळीकडं पोचत नाही, आणि मग ते खत म्हणजे शेतभर गाजरगवताची पेरणी. उपटताना हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यानं अंगाला खाज सुटते, आणि एकदा ती ॲलर्जी जडली की वर्षानुवर्षं सुटत नाही.

सुबाभूळ तर आपणच हौसेनं लावली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. तरीही सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रानं दीर्घकाळ प्रयोग करून दाखवलं, की रब्बी ज्वारीच्या नत्राचा मोठा वाटा तिच्या पाल्यातून भागवता येतो. बांधावर ती असेलच तर शेंगा धरायच्या आधी छाटत राहा. पण जागाही बघावी लागते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गिरीपुष्पाची झाडं लावली गेली आणि उघड्या गवताळ माळावर जगणाऱ्या पक्ष्याची जागाच अडली. बांधावर हिरवळीचं खत देणारं झाड तिथं अडचण ठरलं.

उजनी धरणाच्या पाण्यातही हेच. १९५२ साली भारतात आणलेली तिलापिया आपल्याकडं चिलापी झाली. मादी अंडी-पिल्लं तोंडात जपते, त्यामुळं तिची वीण सहसा वाया जात नाही. देशी माशांना ती जागा उरू देत नाही. चिलापी जरूर खावी. तिची डोकी-आतडी गुळात आंबवून डाळिंबाच्या बागेला घालावी. पण जिवंत आणून शेततळ्यात सोडू नये. एका अतिवृष्टीत तळं भरून वाहिलं की ती ओढ्यात, ओढ्यातून नदीत. जलपर्णीचं उलट आहे, ती पाण्याबाहेर काढायलाच हवी. काठावर ओढून सुकवली की तिचं फळबागेला चांगलं आच्छादन होतं. मात्र जिथं शहरांचं सांडपाणी येतं तिथली जलपर्णी जड धातू शोषून बसलेली असू शकते. तिचं खत भाजीपाल्याला नको.

बाभूळ खणून काढली की खड्डा मोकळा राहतो, आणि मातीत जुनं बी अजून जिवंत असतंच. म्हणून रोहिणीत, पाऊस पडायच्या आत, त्या जागेत पवन्या गवताचं बी फेकावं आणि पाऊस झाल्यावर मारवेल गवताची ठोंबं लावावीत. पहिल्या दोन पावसाळ्यांत गवताच्या सावलीतून बाभळीचं एखादं रोप डोकावेल. ते तेव्हाच, बोटभर असताना, दोन बोटांच्या चिमटीत मुळासकट येतं.