आवडीचा धंदा सुरू केला, मग दोन-तीन वर्षांत कंटाळा का येतो?

माझ्या मावशीने २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गोडा मसाला विकायला सुरुवात केली. आधी डोंबिवलीतल्या तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग इन्स्टाग्रामवर. पहिला पाच किलो मसाला दोन दिवसांत संपला, तेव्हा तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून ही बातमी दिली होती.

गेल्या दिवाळीच्या आधी तिचा मला पुन्हा फोन आला. प्रश्न एवढाच होता, "ते पेज बंद कसं करायचं गं?"

ऑर्डर येत होत्या. पैसेही थोडेफार सुटत होते. पण ती म्हणाली, "आधी खोबरं भाजायला घेतलं की बरं वाटायचं. आता वास आला तरी नको वाटतं."

तुमच्या फोनमध्येही अशी किमान पाच पेजेस असतील. कुणी साबण बनवतं, कुणी क्रोशाच्या पर्स, कुणी उकडीचे मोदक. सुरुवातीला रोज स्टोरी, मग आठवड्याला एक, मग थेट शांतता. आपण म्हणतो, चिकाटी नव्हती. पण गोष्ट इतकी सोपी नाही.

आवडीच्या कामाचे पैसे मिळाले की आवड कमी होते का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी सोमा क्यूब नावाचं, सात तुकडे जुळवायचं कोडं दिलं. सत्रं तीन. दुसऱ्या सत्रात एका गटाला प्रत्येक सोडवलेल्या कोड्याचे पैसे दिले, तिसऱ्यात पुन्हा काहीच नाही. प्रत्येक सत्रात प्रयोग घेणारा काही मिनिटं खोलीबाहेर जायचा आणि विद्यार्थी मोकळ्या वेळात काय करतात हे पाहिलं जायचं. ज्यांना मध्ये पैसे मिळाले होते, ते पैसे बंद झाल्यावर कोड्याला आधीपेक्षा कमी वेळ देऊ लागले.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी असाच प्रयोग लहान मुलांवर केला. चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल. दुसऱ्या गटाला चित्र झाल्यावर अचानक बक्षीस दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी पाहिलं तर पहिल्या गटातली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र तसाच होता.

म्हणजे बक्षीस मिळणं वाईट नव्हतं. 'मी हे बक्षिसासाठी करतोय' असं मनाने ठरवणं महागात पडलं.

आता तुम्ही म्हणाल, धंदा तर पैशांसाठीच करतात! बरोबर आहे. पैसे न घेता मसाला वाटणं हा यावरचा उपाय नाही. डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे मांडलं की माणसाचा आतला उत्साह तीन गोष्टींवर टिकतो. एक, निर्णय आपल्या हातात असणं. दोन, आपण या कामात तरबेज होतोय असं वाटणं. आणि तीन, माणसांशी नातं जुळणं.

हेच तीन निकष मावशीला लावून बघा. रात्री ११ ला "अव्हेलेबल आहे का?" असा मेसेज आला की ती उठून उत्तर द्यायची. रील कुठल्या गाण्यावर करायचं हे ट्रेंड ठरवायचा. मसाला चांगला झाला की नाही यापेक्षा व्ह्यूज किती आले हे आधी बघितलं जायचं. आणि पूर्वी मसाला नेणारी शेजारीण दुसऱ्या दिवशी आमटीची वाटी घेऊन यायची, आता फक्त कुरियरचा ट्रॅकिंग नंबर असायचा. तिन्ही गोष्टी एकेक करून सुटल्या होत्या.

'अस्सल' दिसण्याचं ओझं

पण मावशीचं खरं दुखणं वेगळंच निघालं.

पेज सुरू करताना कुणीतरी तिला सांगितलं होतं, "नुसता मसाला विकला जात नाही, स्टोरी विकली जाते." म्हणून तिने पेजवर लिहिलं, 'आजीची पारंपरिक रेसिपी.' प्रत्यक्षात आमच्या आजीने आयुष्यभर विकतचाच मसाला वापरला. मावशी हा मसाला शिकली ती सांगलीला राहत असताना, शेजारच्या काकूंकडून.

चार वर्षं ती दर रीलमध्ये आजीचं नाव घेत राहिली. मग एक दिवस त्याच काकूंच्या मुलीने, पेज कुणाचं आहे हे माहीत नसताना, अर्धा किलो मसाला मागवला आणि नंतर मेसेज केला, "अगदी माझ्या आईच्या हातचा वाटतो."

मावशी म्हणाली, "मला उत्तरच देता आलं नाही."

खोटी गोष्ट एकदा सांगून भागत नाही. ती रोज सांगावी लागते, लक्षात ठेवावी लागते. कष्ट आपले आणि कौतुक मात्र न घडलेल्या गोष्टीचं, असं झालं की काम परकं वाटायला लागतं.

फॉलोअर्स विकत घेणं किंवा नातेवाइकांकडून रिव्ह्यू लिहून घेणं हे याच वाटेवरचे पुढचे टप्पे. रिव्ह्यूंच्या बाबतीत तर भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० नावाचं मानकही आणलं. ते ऐच्छिक असलं तरी पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, हे त्यात स्पष्ट आहे.

लिज्जतने पहिल्याच वर्षी काय ठरवलं?

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी तयार झाली पापडांची चार पाकिटं. यातूनच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड उभा राहिला. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्यातले दोन बारकावे मात्र कमी सांगितले जातात.

पहिला, सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी सल्ला दिला की एकाच प्रतीचा पापड करा आणि दर्जात तडजोड करू नका. गिऱ्हाईक जोडायच्या दिवसांत स्वस्त माल बंद करणं सोपं नसतं. पण त्यामुळे आपण काय विकतो याचं एकच उत्तर त्यांच्याकडे राहिलं.

दुसरा, पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. चार महिने बंद पडलेला धंदा जिद्दीच्या भाषणाने सुरू झाला नाही. नेमकं अडलं कुठे हे शोधून तेवढंच दुरुस्त केलं गेलं.

आणि त्या एकट्या नव्हत्या. नफा आणि तोटा सगळ्या भगिनींनी वाटून घ्यायचा हा तिथला नियम. एकटीने घर चालवत पेज चालवणाऱ्यांकडे नेमकं हेच नसतं.

'थोडं कमी करा ना'चा हिशेब

उत्साह मारणारी आणखी एक गोष्ट म्हणजे डिस्काउंट. उदाहरण म्हणून सोपे आकडे घेऊ.

समजा, एक किलो मसाल्याला सामान, दळण्याची मजुरी, गॅस आणि पॅकिंग मिळून ६०० रुपये लागतात. विक्रीची किंमत ७०० रुपये, म्हणजे किलोमागे १०० रुपये सुटतात. पाच किलोला ५०० रुपये. निवडणं, भाजणं, दळून आणणं, पॅक करणं आणि मेसेजना उत्तरं देणं यात १० तास गेले, तर तासाला ५० रुपये पडले.

आता १० टक्के सूट द्या. किंमत ६३० रुपये, सुटले फक्त ३०. गिऱ्हाइकाला १० टक्के सूट मिळाली, पण तुमचा नफा ७० टक्क्यांनी घटला. तेच ५०० रुपये कमवायला आता पाचऐवजी जवळपास १७ किलो मसाला करावा लागेल.

अनेकींना जो 'कंटाळा' वाटतो, तो खरं तर तिप्पट काम करून आलेला थकवा असतो. आपण स्वतःच्या तासांची किंमतच धरत नाही, म्हणून तो हिशेबात दिसत नाही.

मग करायचं काय?

वेळ ठरवा आणि ती जाहीर लिहा. पुण्यात चितळे बंधूंचं दुकान दुपारी १ ते ४ बंद असायचं, यावर कितीतरी विनोद झाले. २०१७ मध्ये ही प्रथा बदलली, पण तोवर गिऱ्हाईक ४ नंतर येतच होतं. माल चांगला असेल तर लोक सकाळपर्यंत थांबतात.

स्वतःची मजुरी धरूनच किंमत ठरवा. ती परवडत नाही म्हणून काही गिऱ्हाइकं जातील, हे धरून चाला.

गोष्ट खरीच सांगा. यूट्यूब बघून शिकला असाल तर तसं सांगा. पाकिटावर घटक, वजन आणि तयार केल्याची तारीख लिहा. घरून खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करून १४ अंकी नंबर पाकिटावर द्या. 'अस्सल घरगुती' या दोन शब्दांपेक्षा त्यावर जास्त विश्वास बसतो.

आणि महिन्यातून एखादा घाणा फक्त स्वतःसाठी करा, काहीतरी नवीन करून बघायला. त्याचा फोटो टाकायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं करूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर तो धंद्याचा कंटाळा नसू शकतो. तेव्हा डॉक्टरांशी बोला. आणि हिशेब बसतच नसेल तर धंदा बंद करणं ही हार नाही.

मावशीचं काय झालं?

तिने पेज बंद केलं नाही. आता ती महिन्यातून दोनदाच ऑर्डर घेते. भाव वाढवला, त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली आणि महिन्याची कमाई पूर्वीपेक्षा थोडी कमीच आहे. रील बंद आहेत.

काकूंच्या मुलीला तिने फोन करून सगळं खरं सांगितलं. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "आईला आवडलं असतं."

पेजवरची 'आजीची पारंपरिक रेसिपी' ही ओळ आता नाही. तिथे लिहिलंय, 'सांगलीच्या आमच्या शेजारच्या काकूंकडून शिकलेला गोडा मसाला.'