माळ्यावर खोली? आधी मंजुरी

इंग्लंडमध्ये जुन्या घराच्या माळ्यावर राहती खोली काढायला नियोजन परवानगी अनेकदा लागत नाही. बांधकाम नियमांची मंजुरी मात्र लागतेच. व्हिक्टोरियन घरांत माळ्याच्या तुळया बहुधा खालचं छत पेलण्यापुरत्याच असतात. माणसांच्या वावरासाठी नव्या, भक्कम तुळया घालाव्या लागतात. त्याहून महत्त्वाची आगीची बाजू. दुमजली घर तिमजली झालं, की साधारणपणे जिन्याभोवती 30 मिनिटं आग थोपवणारी दारं-भिंती आणि एकमेकांना जोडलेले, विजेवरचे धूरसूचक हवेत. वर मुलं झोपणार असतील तर इथे काटकसर नकोच! काम संपताच पूर्णत्वाचा दाखला मिळवा. घर विकताना खरेदीदाराचा वकील तो मागतो. 11 नोव्हेंबर 1985 नंतर मंजुरीविना झालेल्या कामासाठी स्थानिक परिषदेकडे नियमितीकरणाचा अर्ज करता येतो.