व्यसन सुटल्यावर पहिली लांब चाल? वारी बघा!

भिवंडीकरांनो, एकट्याने सह्याद्रीत शिरण्याआधी आषाढी वारीचा विचार करा. आळंदी ते पंढरपूर, साधारण २५० किलोमीटर. पुणे सोडलं की दिवे घाटाची चढण. माळकऱ्याला दारू वर्ज्य, त्यामुळे दिंडीत ‘एक घे रे’ म्हणणारा सहसा भेटत नाही. (तंबाखूचं मात्र सांगवत नाही!) सरावाला सुट्टीच्या दिवशी वज्रेश्वरीपर्यंत चालत जा.

व्यसनमुक्तीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं आधीच डॉक्टरांशी बोला. डायसल्फिरम चालू असेल तर अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा नको. नॅलट्रेक्सोन असेल तर वाटेतल्या दवाखान्यात आधी सांगा. अफूवर्गातली वेदनाशामकं त्यावर चालत नाहीत. ज्ञानोबांच्या पालखीचा पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो. १९८६ पासूनचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र तिथलंच. आधी फोन करून समुपदेशकाची वेळ घेऊन ठेवा.