जुने इंजिन : बांधावे की बदलावे?

ट्रकचे इंजिन एका दिवसात म्हातारे होत नाही. आधी ते पहाटे सुरू व्हायला कुरकुरते. मग घाटात गिअर लवकर उतरवावा लागतो, दर फेरीला ऑइल वर घालावे लागते. शेवटी मिस्त्री सांगतो, "आता इंजिनाचे काम काढावे लागेल." ज्याचा एकच ट्रक आहे आणि त्यावर कर्जाचे हप्ते चालू आहेत, त्याच्या घरखर्चाशी या वाक्याचा थेट संबंध असतो. आहे तेच इंजिन उतरवून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधावे, की दुसरे बसवावे? बहुतेक वेळा याचे उत्तर अंदाजाने दिले जाते. वास्तविक त्यासाठी लागते ते शाळेतले भौतिकशास्त्र आणि साधा भागाकार.

झीज होते कोठे?

उदाहरणादाखल टाटांचे ६९७ हे इंजिन घेऊ. आपल्या रस्त्यांवर ते वर्षानुवर्षे धावले आहे. त्याचे वर्णन नावातच आहे : सिलिंडर ६ आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर असते. यावरून एका सिलिंडरमध्ये पिस्टन ९४६ घन सेंटिमीटर जागा व्यापतो असे निघते. सहांची बेरीज ५,६७५ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पावणेसहा लिटर.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडावी लागत नाही. आत घेतलेली हवा पिस्टन दाबतो, त्यामुळे ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा मूळच्या सतराव्या हिश्शाइतक्या जागेत दाबली जाते असे धरू. मग पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा जेमतेम ५९ घन सेंटिमीटर भरते. एवढ्या दाबाने हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. डिझेल पेटायला ते पुरेसे असते.

ही हवा निसटू न देण्याचे काम पिस्टनभोवतीच्या रिंगा करतात. रिंग आणि सिलिंडरचे अस्तर, म्हणजे लायनर, यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि तो टिकतो रिंगच्या हालचालीमुळे. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा हा थर तुटतो. नेमक्या त्याच जागी दाब आणि तापमानही सर्वांत जास्त असते. म्हणून लायनर वरच्या भागात अधिक झिजतो, खाली कमी.

सायकलच्या पंपाचा वॉशर झिजला की काय होते ते आठवा. दांडा हळू दाबला तर सगळी हवा बाजूने निसटते. जोरात दाबला तर थोडी तरी ट्यूबमध्ये जाते. जुन्या इंजिनाचेही तसेच आहे. थंडीच्या पहाटे ऑइल घट्ट असते, बॅटरी सुस्त असते, इंजिन हळू फिरते. हवेला निसटायला वेळ मिळतो, ती पुरेशी तापत नाही आणि इंजिन पेट घेत नाही. तेच इंजिन दुपारी सहज सुरू होते.

उघडण्यापूर्वी

इंजिन उतरवण्याआधी धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तिथे दोष एअर फिल्टरचा, नोझलचा किंवा पंपाचाही असू शकतो आणि तो इंजिन न उतरवता दूर होतो. सुरू करताना येणारा पांढरा धूर हा बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो.

त्यानंतर नोझल काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. दाब कमी भरला, तर त्यात थोडे ऑइल घालून पुन्हा मोजायची रीत आहे. ऑइलने फट बुजून दाब वाढला तर दोष रिंगा-लायनरचा. नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेडखालच्या गॅस्केटचा.

या चाचणीत एक मेख आहे. ५९ घन सेंटिमीटर जागेत १० घन सेंटिमीटर ऑइल ओतले तर हवेसाठी ४९ उरतात आणि हवा १७ ऐवजी २० पटींहून अधिक दाबली जाते. म्हणजे रिंगा कशाही असोत, दाब वाढलेला दिसणारच! शिवाय पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्यात ऑइल साचून राहते, ते रिंगांपर्यंत पोहोचतही नाही. म्हणून डिझेल इंजिनात ऑइल अगदी थोडे आणि सहाही सिलिंडरांत मोजून सारखे घालावे आणि फक्त आपसांतील फरक पाहावा.

उघडल्यानंतर

लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे हे झिजण्यासाठीच केलेले भाग आहेत. ते बदलता येतात. खरा निर्णय ठरतो तो ब्लॉक आणि क्रँक यांवर. क्रँकची झिजलेली गोलाई घासून पुन्हा नीट करता येते. सामान्यतः दर वेळी पाव मिलिमीटर व्यास कमी करतात आणि त्या मापाची जाड बेअरिंगे घालतात. पण हे किती वेळा करता येईल याला मर्यादा आहे. क्रँक आधीच शेवटच्या मापापर्यंत घासलेला असेल, त्याला किंवा ब्लॉकला बारीक तडा असेल, तर नव्या रिंगा घालण्यात अर्थ नाही. म्हणून भाग विकत घेण्याआधी क्रँकची मापे घ्यावीत आणि तड्याची तपासणी करून घ्यावी. पैसे द्यायचा क्रम या मापांनंतरचा.

हिशेब

पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. समजा, इंजिन बांधायला १,५०,००० रुपये लागतात आणि ट्रक १५ दिवस उभा राहतो. दिवसाचे ३,००० रुपये बुडतात असे धरले तर एकूण खर्च १,९५,०००. दुसरे, कारखान्यात नव्याने जुळवलेले इंजिन २,६०,००० ला मिळते आणि ४ दिवसांत बसते; एकूण २,७२,०००. पहिले दीड लाख किलोमीटर चालेल, दुसरे तीन लाख.

भागाकार केला की बांधलेले इंजिन किलोमीटरला १ रुपया ३० पैसे पडते, बदललेले ९१ पैसे. म्हणजे महाग दिसणारे इंजिन स्वस्त ठरले. पण ट्रकची चासी, बॉडी आणि गिअरबॉक्स मिळून दीड लाख किलोमीटरच टिकणार असतील तर? इंजिनाचे उरलेले आयुष्य फुकट जाते, दर १ रुपया ८१ पैशांवर जातो आणि निर्णय उलटतो. ट्रकच्या उरलेल्या आयुष्यापेक्षा जास्त टिकणारे इंजिन विकत घेण्यात फायदा नाही.

डिझेलचाही विचार हवा. दीड लाख किलोमीटरमध्ये लिटरला ४ किलोमीटर ऐवजी ४.१ मिळाले तर सुमारे ९१५ लिटर वाचतात. लिटरचे ९० रुपये धरले तर ते ८२,००० रुपये होतात. दोन पर्यायांच्या खर्चातला फरक ७७,००० होता! लिटरमागे केवळ १०० मीटर, आणि तेवढ्याने पारडे फिरते. म्हणून इंजिन कोणतेही असो, नोझल आणि पंप यांच्या जुळणीत काटकसर करू नये.

गेल्या वर्षी या इंजिनावर केलेला खर्च मात्र या हिशेबात कोठेच येत नाही. "इतके पैसे घातले, आता कसे टाकू?" हे म्हणणे माणसाला साजेसे आहे; पण ते पैसे दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत.

बांधणीने काय होत नाही

जुने इंजिन बांधले की ब्लॉक ओतण्यासाठी लागलेले लोखंड आणि ऊर्जा वाया जात नाही, हा समाजाचाही फायदा आहे. पण ते ज्या प्रदूषण मानकासाठी बनले, त्यापुढे बांधणीने जात नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकाची धूर शुद्ध करणारी यंत्रणा त्यात येत नाही. आठ वर्षांहून जुन्या मालट्रकला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, तेव्हा ट्रक आणखी किती वर्षे चालवता येईल हे आधी पाहावे. इंजिन बदलले तर नवा क्रमांक परिवहन कार्यालयात नोंदवून घ्यावा.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. विद्यार्थ्यांना गावातल्या गॅरेजमधून खरे दर आणायला सांगावे आणि वरचे आकडे खोडून ते घालावेत. नंतर ट्रकचे उरलेले आयुष्य एक लाख, दोन लाख, तीन लाख किलोमीटर धरून उत्तर कोठे बदलते ते शोधायला लावावे. आपल्या उदाहरणात ते दोन लाख नऊ हजारांच्या आसपास बदलते. कसे, ते मुलांनाच काढू द्यावे.