गावाबाहेरचं मढं, मोकाट कुत्री आणि खोकडाचा आजार



गेल्या पावसाळ्यात पारोळा तालुक्यातल्या एका गावी ग्रामसभेला बसले होते. विषय मोकाट कुत्र्यांचा होता. एक वयस्कर गृहस्थ सहज बोलून गेले, "तुमच्या लोकांनी ढोरं ओढणं सोडलं, तेव्हापासून ही कुत्री माजली." काही जण हसले. आपली पोरं मान खाली घालून बसली. मलाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देते आहे, पण त्यासाठी थोडं लांबून, ऑस्ट्रेलियातून यावं लागेल.

तिथला कोआला हा झाडावर राहणारा, निलगिरीचा पाला खाऊन जगणारा प्राणी. क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूने त्याला ग्रासलं आहे. डोळे येऊन तो आंधळा होतो, मूत्रमार्ग सुजतो, माद्या वांझ होतात. (आपल्या आजी-आजोबांना ज्या खुपऱ्या व्हायच्या, त्या याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूमुळे.) अँटिबायोटिक द्यावं तर पाला पचवणारे पोटातले जिवाणूही मरतात, म्हणजे आजारातून वाचलेला कोआला भुकेने जाऊ शकतो. 2025 मध्ये तिथे एका मात्रेच्या लसीला मंजुरी मिळाली. पण मला थांबवलं ते या जिवाणूच्या नावाने. 'पेकोरम', म्हणजे लॅटिनमध्ये गुराढोरांचा. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांच्या गुरामेंढ्यांकडून तो कोआलापर्यंत पोहोचला असावा, असा संशोधकांचा कयास आहे. माणसाच्या दावणीचा आजार रानात गेला.

आपल्याकडे हेच माळरानावरच्या खोकडाच्या बाबतीत घडतं. सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याच्या परिसरात अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकुत्री आणि खोकडं यांचं रक्त तपासलं. दहापैकी सुमारे नऊ कुत्र्यांना पार्वो आणि डिस्टेंपर हे विषाणू कधी ना कधी होऊन गेले होते. खोकडांची संख्या विरळ, त्यामुळे हे आजार त्यांच्यात स्वतःच्या बळावर टिकून राहणं कठीण. ते कुत्र्यांच्या साठ्यातून येत राहतात. डिस्टेंपर माणसाला होत नाही, म्हणून गावात त्याची कोणाला फिकीर नसते. पण गीरमध्ये सप्टेंबर 2018 पासून काही आठवड्यांत 23 सिंह मेले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत त्यांच्यापैकी काहींमध्ये हाच विषाणू सापडला.

मग कुत्र्यांना लस टोचली की झालं? नान्नजला तेही करून पाहिलं गेलं. फारसा फरक पडला नाही. मोठ्या कुत्र्यांना आजार आधीच होऊन गेलेला असतो, ती मरतात आणि त्यांची जागा नवी पिल्लं घेतात. (रेबीजची गोष्ट वेगळी. तिथे कुत्र्यांचं लसीकरण माणसांचे जीव वाचवतं, ते झालंच पाहिजे.) खरा प्रश्न, इतकी कुत्री जगतात कशावर? गावाबाहेर फेकलेल्या मढ्यांवर, कोंबडीच्या दुकानांच्या घाणीवर, ढाब्यांच्या उष्ट्यावर. पूर्वी मेलेलं जनावर गिधाडं तासाभरात साफ करत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या दुखणं कमी करणाऱ्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि ती जवळपास संपली. जनावरांसाठी या औषधावर बंदी आली 2006 मध्ये, तोवर उशीर झाला होता. गिधाडांची पंगत कुत्र्यांनी ताब्यात घेतली.

म्हणजे त्या गृहस्थांचं गणितच चुकलं होतं. बाबासाहेबांनी महाडला मृत मांस सोडायला सांगितलं ते 1927 मध्ये. मेलेली ढोरं ओढण्याविरुद्धचा आपला लढाही तेव्हाचाच. त्यानंतर कितीतरी दशकं आकाशात गिधाडं होती. गिधाडांना औषधाने मारलं, आणि दोष मात्र आपल्या स्वाभिमानावर.

समाजशास्त्र शिकताना 'जातीवर आधारित श्रमविभागणी' हा शब्द परीक्षेपुरता लिहिला होता. 2022 च्या ऑगस्टमध्ये तो डोळ्यांनी पाहिला. त्या वर्षीच्या साथीत राज्यात लंपीची पहिली नोंद आपल्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली. पुढे साथ पसरली तेव्हा मेलेलं जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, असे आदेश निघाले. आदेशात कोणाचं नाव नव्हतं. पण मी जिथे जात होते त्या एका गावात निरोप आला तो आपल्याच वस्तीत, "दोन पोरं पाठवा." हातमोजे नाहीत, मजुरी ठरलेली नाही.

कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेवा. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने मेलेल्या जनावरांची विल्हेवाट ग्रामपंचायतीच्या कामांत धरली आहे. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदाही 1958 चाच. जे काम वतनातून काढलं ते पंचायतीकडे आहे. तिने जागा ठरवावी, जेसीबी लावून खड्डा खणावा, वाहून नेण्यासाठी ट्रॅक्टर द्यावा आणि काम करणारा कोणत्याही जातीचा असो, त्याला मजुरी आणि साधनं द्यावीत.

त्या गावातल्या पोरांनी पुढच्या ग्रामसभेसाठी लेखी अर्ज तयार केला आहे. मागण्या तीन: मढ्यांसाठी कुंपण घातलेली जागा, कोंबडी दुकानदारांना घाण उघड्यावर टाकायला मनाई, आणि कुत्र्यांना रेबीजची लस. अर्जावर सह्या फक्त आपल्या वस्तीच्या नकोत, असं मी सुचवलं. ज्यांच्या शेळ्या कुत्र्यांनी फाडल्या, त्या दोन मराठा आणि एका भिल्ल शेतकऱ्याने पहिल्या सह्या केल्या आहेत.