तिंपसिला : प्रेअरीचा कंद

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, कॅनडापासून टेक्सासपर्यंत पसरलेल्या प्रेअरी तृणभूमीत वीत-दीड वीत उंचीची एक रानवनस्पती उगवते. अंगावर दाट रुपेरी लव, हाताच्या बोटांप्रमाणे पसरलेल्या पाच पर्णिका आणि उन्हाळ्याच्या आरंभी येणारे निळसर जांभळ्या फुलांचे तुरे, ही तिची ओळख होय. लाकोटा लोक तिला तिंपसिला म्हणतात. १८१४ साली फ्रेडरिक पर्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचा समावेश सोरालिया प्रजातीत केला. आपली बावचीही पूर्वी याच प्रजातीत गणली जात असे. आता दोघींचीही प्रजाती बदलली आहे.

तिचे खरे धन जमिनीखाली असते. कोंबडीच्या अंड्याएवढे ते फुगीर मूळच आहे; पण व्यवहारात त्यास कंद म्हणावयास हरकत नाही. अडचण अशी, की बी पिकताच खोड जमिनीलगत तुटते आणि वाऱ्याबरोबर गडगडत, बी विखुरत निघून जाते. मागे कंदाची खूणही राहत नाही. म्हणून त्याच्या शोधासाठी उणेपुरे काही आठवडेच मिळत. लाकोटांच्या एका महिन्यास या वनस्पतीवरूनच नाव पडले आहे. तिच्या फांद्या पुढील रोपाकडे बोट दाखवितात, असे आया मुलांना सांगत. मुले त्या दिशेने धावत, आणि बहुधा दुसरे रोप सापडेही!

स्त्रिया टोकदार काठीने कंद उकरीत. तपकिरी साल सोलली की आतून पांढराशुभ्र, पिठूळ गर निघे. तो कच्चा खात, गव्याच्या मांसाबरोबर शिजवीत, अथवा वाळवून त्याचे पीठ करीत. सोललेल्या कंदांची लांब शेपटे गुंफून केलेल्या वेण्या हिवाळाभर टिकत. मका पिकविणाऱ्या अरिकारांशी या कंदांच्या बदल्यात धान्याची देवघेव चाले. १८०५ च्या मे महिन्यात मिसुरी नदीवर प्रवास करणाऱ्या मेरिवेदर लुइसला मात्र तो बेचव वाटला.

पुढे एकोणिसाव्या शतकात नांगर आला. खाण्याजोगा कंद तयार होण्यास काही वर्षे लागतात. नांगरलेल्या रानास तेवढी उसंत कुठली? अजूनही न नांगरलेल्या कुरणांत लाकोटा कुटुंबे जूनमध्ये कंद खणावयास जातात, आणि कंद काढून झाल्यावर बियांसह शेंडा त्याच खड्ड्यात ठेवून वर माती लोटतात.